पाटीवर नाव कुणाचं? नेरुळच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी, रविवारी कोरम झाला नाही म्हणून इथेच टाकतोय. गेटबाहेरच्या फूटपाथच्या कोपऱ्यात व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) विजेते यशवंत घाडगे, हुद्दा नाईक, यांचा अर्धपुतळा बसवायचा असा कमिटीचा विचार आहे. आपली निम्मी सोसायटी माणगाव-महाड-रोह्याची आणि घाडगे माणगाव तालुक्यातले, १० जुलै त्यांचा स्मृतिदिन. मतं द्या, नुसते हात जोडलेले इमोजी नकोत 🙏

बी-२०३: 🙏🙏

सी-५०१ (ज्युनिअर): काका सॉरी, पण हे कोण?

ए-४०५: अरे गुगल कर ना.

सुभेदार काका (बी-७०४): गुगल कशाला, मी सांगतो. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. ह्यांची सेक्शन, म्हणजे आठ-दहा जवानांची तुकडी, पुढे सरकत होती आणि अगदी जवळून मशीनगनचा फायर आला, सेक्शन कमांडर घाडगे सोडून बाकी सगळे एकतर गेले नाहीतर जखमी. मागे वळून बघितलं तर उभं कुणीच नाही. हा पठ्ठ्या एकटा गनवर धावून गेला, आधी ग्रेनेड टाकला, गन बंद गनर पण बंद, मग टॉमीगनने (हातातली छोटी मशीनगन) एकाला उडवलं, आता उरले दोन आणि मॅगझिन संपलेलं, बदलायला वेळ कुठला, तर गनची नळी हातात धरून बटने त्या दोघांना हाणलं. पोस्ट ताब्यात आली आणि तेवढ्यात स्नायपरच्या गोळ्या, छातीत आणि पाठीत. वय २२. तुझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा असेल.

सी-५०१ (ज्युनिअर): 😶 हे शाळेत का नाही सांगितलं कुणी

ए-४०५: शौर्याबद्दल शंकाच नाही, पण लढले इंग्रजांसाठी ना? मग ४७ नंतरच्या कुणाचा का नाही, कारगिल आहे, ७१ आहे.

सुभेदार काका (बी-७०४): पगार इंग्रजांचा होता, मान्य. समोर हिटलरची फौज होती हे तुम्ही मान्य करा. इटलीत आपले ५०,००० च्या वर होते, ५,७८२ परत आले नाहीत. तिथे २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले त्यातले सहा आपल्या लोकांचे. आणि माझी रेजिमेंट पण तीच हो, मराठा, बेळगावच्या सेंटरला आम्ही रिक्रूट होतो तेव्हा उस्ताद रगडायचा आणि वर घाडगेंचं नाव ऐकवायचा. कारगिलवाल्यांचं पण करा, कोण नको म्हणतंय.

डी-१०४ वहिनी: मध्येच लिहिते सॉरी, डी विंगला पाणी बंद आहे का? की फक्त आमच्याकडे?

सेक्रेटरी: पंप ट्रिप झालाय वहिनी, वॉचमनला सांगितलंय.

वकील मॅडम (ए-६०२): फूटपाथ विसरा. सुप्रीम कोर्टाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे, रस्ते, फूटपाथ, सार्वजनिक वापराच्या जागा इथे राज्य सरकारने पुतळ्यांना परवानगी द्यायचीच नाही. शिवाय पुतळ्यांबद्दल राज्याचा २०१७ चा शासन निर्णय आहे, म्हणजे क्ले मॉडेलला (मातीच्या नमुन्याला) कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांची एनओसी (ना हरकत) आणि देखभाल कोण करणार ते लेखी. कंपाउंडच्या आत करायचं तर आधी जनरल बॉडीचा ठराव आणि सिडकोच्या लीजमध्ये काय लिहिलंय ते बघून. रात्रीत चौथरा बांधला आणि सकाळी हार घातला असलं काही करू नका, मग त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही आणि कावळे बसतात.

सेक्रेटरी: मग आत, बंद कारंजं आहे तिथे?

ड्रॉइंग सर (सी-३०३): कारंज्याचा विषय काढलात म्हणून, तो फायबरचा हंस बघा एकदा जवळ जाऊन. चोच गेली, मान तडकली, वरचा गुळगुळीत थर उन्हाने उडून आतला काचेचा धागा कुसळासारखा बाहेर आलाय, मुलांनी हात लावला की खाज सुटते. दुकानदार 'ब्रॉन्झ फिनिश' म्हणतो ते म्हणजे हाच फायबर, वरून पावडरचा रंग. खरा धातू म्हणजे बहुतेक गनमेटल, ८५ टक्के तांबं, बाकी कथिल, जस्त, शिसं पाच-पाच. आधी मातीत मॉडेल, त्यावरून साचा, साच्यात मेण, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. चांगल्या माणसाकडून करायला महिने लागतात, पंधरा दिवसात देतो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. आतला सांगाडा आणि बोल्ट स्टेनलेसचेच हवेत, आपल्याकडे खाडीची हवा आहे, ग्रीलची काय अवस्था होते ते सगळ्यांना माहितीये. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण आणि २६ ऑगस्ट २०२४ ला जमिनीवर, नऊ महिने पण नाही झाले. त्यामुळे परवडत नसेल तर करूच नका पण फायबर नको.

बी-२०३: बजेट किती धरायचं सर?

ड्रॉइंग सर: लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) पैसे कुणाकुणाचे थकलेत ते आधी बघा 😄

सी-५०१ ताई (फिजिक्सवाली): पुतळाच पाहिजे असं काही आहे का पण? इटलीतल्या लोकांनी ह्याच घाडगेंचं स्मारक केलंय, पेरुजिया भागातल्या मोंतोने गावात, जुलै २०२३ मध्ये, आणि ते चक्क सनडायल आहे, म्हणजे सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. कारंज्याचा गोल कट्टा तयारच आहे, मधला काटा क्षितिजाशी १९ अंश तिरका आणि उत्तरेकडे तोंड केला की झालं काम, कारण आपला अक्षांश तेवढा आहे. मुलं रोज येऊन बघतील तरी.

ए-४०५: वेळ बरोबर दाखवेल का?

सी-५०१ ताई: नाही, साधारण ३८ मिनिटं मागे. आपण ७३ रेखांशावर आणि घड्याळ चालतं साडेब्याऐंशीच्या हिशोबाने. त्यात वर्षभर थोडं मागेपुढे होतंच.

बी-२०३: म्हणजे आपल्या मीटिंगच्या टायमाला परफेक्ट 😂

डी-१०४ वहिनी: कल्पना छान आहे ग पण १० जुलैला नेरुळात सूर्य कधी बघितलायस? छत्र्या घेऊन उभं राहायचं आणि सावली शोधायची. आणि कारंज्यावर दुपारपर्यंत बी विंगची सावली असते, मी तिथेच पापड वाळत घालायचे, सोडून दिलं. पाणी आलं बरं का, थँक्यू.

सी-५०१ ताई: हो ते लक्षातच नाही आलं 😅

सेक्रेटरी: ओके. जागा कारंज्याची हे फिक्स धरतो. खाली पाटीचा मसुदा टाकतोय, ग्रॅनाइटवर कोरायचा आहे. 'वीर यशवंत घाडगे स्मारक. अनावरण मा. नगरसेवक यांच्या शुभहस्ते. प्रमुख उपस्थिती. अध्यक्ष. सेक्रेटरी. खजिनदार. कमिटी सदस्य. विशेष सहकार्य. सौजन्य.' नावं कंसात भरायची आहेत, कुणाचं राहिलं तर सांगा.

सुभेदार काका (बी-७०४): घाडगेंचं राहिलंय.

सेक्रेटरी: वरती आहे ना काका.

सुभेदार काका (बी-७०४): एक ओळ त्यांची आणि आठ आपल्या. नाईक नाही, पलटण नाही, तारीख नाही, व्हिक्टोरिया क्रॉस पण नाही. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल खजिनदार लढाईला गेले होते. अहो त्या पोराची कबर पण नाही, इटलीतल्या कसिनो गावच्या युद्धस्मारकावर नुसतं नाव आहे, बाकीच्या बेपत्ता लोकांबरोबर. नाव आणि रेजिमेंट, पण ते नीट कोरलंय. पुतळा बसवा नाहीतर ते सावलीचं घड्याळ बसवा, माझं काही म्हणणं नाही, पण खाली काय झालं ते लिहा. मी वर ज्युनिअरला सांगितलं तेवढंच. त्याने वाचून मान वर केली ना, मग झालं. उद्घाटन कोण करतो त्याचा फोटो ग्रुपवर टाका की.

वकील मॅडम: अनुमोदन.

ड्रॉइंग सर: मी पण. अक्षरं मी काढून देतो, मराठीच, आणि खोल कोरून घ्या, नुसता रंग भरलेली दोन पावसाळ्यात जातात. चेहऱ्याचं नंतर बघू, धातूचे पैसे जमले की.

ए-४०५: माझा आक्षेप होता पण पाटीवर हे असणार असेल तर मागे घेतो. फक्त 'ब्रिटिश भारतीय सैन्य' हेही लिहा, लपवायचं काही नाही त्यात.

सुभेदार काका (बी-७०४): लिहा की. खरंच आहे ते.

खजिनदार (डी-२०१): लढाईला गेलो नव्हतो हे मी मान्य करतो 😄 पण सौजन्य काढलं तर वर्गणी कोण देणार, प्रॅक्टिकल बोला. दोन विंग तर मेन्टेनन्स पण वेळेवर देत नाहीत.

डी-१०४ वहिनी: देणाऱ्यांची यादी नोटीस बोर्डवर लावा, वर्षभर ठेवा. दगडावर नको.

सेक्रेटरी: ठीक आहे. जनरल बॉडीत ठराव असा ठेवतो: कारंजं काढणे, दगड आणि मजकूर पहिल्या टप्प्यात, पुतळा दुसऱ्या टप्प्यात आणि त्याच्या परवानग्या वकील मॅडम बघतील. मजकूर सुभेदार काका. कोरम लागेल, पाया पडतो, या.

सुभेदार काका (बी-७०४): शनिवारी मी माणगावला जातोय, तहसील कचेरीजवळ घाडगेंचा पुतळा आहे, त्याची पाटी बघून घेतो आणि चौथऱ्याचं माप पण. गाडीत दोन सीट आहेत.

सी-५०१ (ज्युनिअर): मी येऊ काका?

सुभेदार काका (बी-७०४): साडेपाचला गेटवर. साडेपाच म्हणजे साडेपाच, ३८ मिनिटं मागे नाही.

बी-२०३: दुसरी सीट माझी. नाश्ता वडखळला की नागोठण्याला?

सेक्रेटरी: आधी ए विंगसमोर पांढरी व्हॅन कुणाची आहे ती काढा, टँकर आत येत नाहीये.