जिवाणूसंसर्ग प्रतिजैविकांशिवाय बरा होतो का?

मूळ मत :
जिवाणूंचा संसर्ग झाला की प्रतिजैविक घेतलेच पाहिजे, ही समजूत मला अर्धवट वाटते. पेनिसिलिन येण्यापूर्वीही माणसे न्यूमोनियातून उठत होती. आजाराच्या सातव्या दिवसाच्या आसपास जिवाणूंच्या आवरणाला चिकटणारी प्रतिपिंडे पुरेशी तयार झाली, की पांढऱ्या पेशी त्या जिवाणूंना गिळू लागत, रुग्णाला दरदरून घाम फुटे आणि काही तासांत ताप उतरे. आजही टेट्रासायक्लिनसारखी औषधे मुख्यतः जिवाणूंची वाढ रोखतात. त्यांचा निकाल शरीरच लावते.

प्रतिसाद १ :
ताप उतरलेल्यांची हकिकत आपण सांगितलीत, दगावलेल्यांची राहिली. त्याच न्यूमोनियात दहापैकी सुमारे तीन रुग्ण जात. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला चेहऱ्यावर संसर्ग पसरलेल्या एका पोलिसाला पेनिसिलिन दिले, तेव्हा काही दिवसांतच तो सुधारू लागला. औषध इतके तुटपुंजे होते की त्याच्या लघवीतून ते काढून पुन्हा वापरावे लागले; साठा संपल्यावर संसर्ग उलटला आणि तो मरण पावला. माणूस तोच, त्याची प्रतिकारशक्तीही तीच. फरक फक्त औषधाचा होता.

मूळ लेखक :
गंभीर संसर्गाबद्दल माझा दावा नाहीच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत मूत्रमार्गाचा साधा संसर्ग झालेल्या स्त्रियांना आधी केवळ आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दिले, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश प्रतिजैविकाविनाच बऱ्या झाल्या.

प्रतिसाद १ :
त्याच चाचणीत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांना त्रास अधिक झाला, हेही लिहायला हवे होते.

प्रतिसाद २ :
आपण दोघेही प्रतिकारशक्ती सर्वत्र सारखीच पोहोचते असे गृहीत धरता आहात. हृदयाच्या झडपेवर जिवाणू बसले, की त्यांच्याभोवती फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे तंतुमय प्रथिन) आणि बिंबाणूंचे (प्लेटलेट्सचे) थर साचतात. पांढऱ्या पेशींना आत फारसा शिरकाव मिळत नाही, आणि म्हणून हा आजार उपचारांशिवाय जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. क्षयात शरीर बहुतेकांमध्ये जंतूला कोंडून ठेवते, पण कोंडणे म्हणजे नायनाट नव्हे. उलट, केमोथेरपीने पांढऱ्या पेशी फार घटलेल्या रुग्णाला योग्य औषध देऊनही वाचवणे अवघड जाते.

स्ट्रेप्टोकोकसमुळे होणारी घसादुखी मला याहून बोलकी वाटते. ती बहुधा आठवडाभरात आपोआप थांबते, तरीही पेनिसिलिन देतात, कारण त्या जिवाणूविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्तीच काही मुलांमध्ये पुढे हृदयाच्या झडपांवर उलटते. म्हणजे येथे औषध घशासाठी कमी आणि आपल्याच संरक्षक यंत्रणेच्या चुकीसाठी जास्त असते!

मूळ लेखक :
घशाचे उदाहरण माझ्या मताला छेद देते, हे मान्य. मात्र दोन वर्षांवरील मुलाच्या एका कानाला सौम्य संसर्ग असेल, तर डॉक्टरही पालकांशी बोलून दोन-तीन दिवस वाट पाहतात, आणि सुधारणा दिसली नाही तरच प्रतिजैविक सुरू करतात. माझा आग्रह एवढ्याच वाट पाहण्यापुरता आहे, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.