मदत हवी आहे : मलिक अंबरवरचं प्रदर्शन

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात शाळकरी मुलांसाठी मलिक अंबरवर छोटं प्रदर्शन मांडतोय. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये त्याने खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवलं. त्याने मुघल-विजापूरच्या फौजांना हरवलं ती १६२४ ची भातवडीची लढाई मुलांना पाठ असते. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याची नहर! डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणलं. एवढी दूरदृष्टी असलेला नगररचनाकार मुलांना नीट भेटायलाच हवा.

तर मदत अशी हवी आहे : नहर-ए-अंबरीचे हवेसाठी बांधलेले मनोरे कुणी पाहिलेत का? आता कुठे शिल्लक आहेत? स्वतः काढलेले फोटो असतील तर नावासकट लावू. त्याच्या जमीन मोजणी आणि सारा पद्धतीवर सातवी-आठवीच्या मुलांना समजेल असं मराठीत काही आहे का? खुलताबादच्या त्याच्या कबरीचे फोटोही चालतील.

आणखी एक. मुरूड-जंजिरा भागातल्या सिद्दी (मलिक अंबरसारख्याच आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांच्या) कुटुंबांपैकी कुणी मुलांशी तासभर बोलायला येईल का? प्रवासखर्च आम्ही देऊ.