फॉरेन की नुसती मॉडेलमध्ये पुरे, की डेटाबेसमध्येही हवी?

रकानाबहाद्दर
फॉरेन की म्हणजे एका टेबलच्या रोमधून दुसऱ्या टेबलच्या रोकडे (पालकाकडे) बोट दाखवणारा कॉलम. याबाबत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, मॉडेलमध्ये (टेबलसाठी लिहिलेल्या ॲपच्या कोडमध्ये) हॅज-मेनी, बिलाँग्स-टू अशी नाती लिहिली की काम झालं. दुसरा म्हणतो, डेटाबेसमध्ये कन्स्ट्रेंट (डेटाबेस स्वतः पाळायला लावतो तो नियम) नसेल तर ते नातं नव्हेच. मी दुसऱ्या तटात. लाराव्हेलच्या (पीएचपीचं वेब फ्रेमवर्क) मायग्रेशनमध्ये, म्हणजे टेबलची रचना बदलणाऱ्या फाइलमध्ये, नुसतं फॉरेन-आयडी लिहिलं तर एक बिगइंट (मोठा पूर्णांक) कॉलम तयार होतो, बास. पुढे कन्स्ट्रेन्ड जोडल्याशिवाय ऑर्डर आणि तिच्यातले आयटम यांचा काही संबंध आहे हे डेटाबेसला ठाऊकच नसतं. ॲप मजेत चालतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

रेल्स (रूबीचं वेब फ्रेमवर्क) 5 पासून नव्या ॲपमध्ये बिलाँग्स-टू सक्तीचं असतं, सेव्ह करताना पालक रेकॉर्ड तपासलं जातं. पण तपासणीची सिलेक्ट (वाचणारी क्वेरी) आणि नंतरची इन्सर्ट (लिहिणारी क्वेरी) यांच्या मधल्या वेळात दुसऱ्या प्रोसेसने ऑर्डर उडवली, तर आयटम अनाथ. ही फट ॲपच्या व्हॅलिडेशनने बुजत नाही.

उलटतपासणी
असहमत. तीन अडचणी सांगतो. एक, चालू टेबलवर कन्स्ट्रेंट लावताना पोस्टग्रेस (एक डेटाबेस) दोन्ही टेबलांवर लॉक घेतो आणि सगळे जुने रेकॉर्ड तपासेपर्यंत रायटिंग तुंबतं. दोन, पॉलिमॉर्फिक नातं, म्हणजे एकच रेकॉर्ड वेगवेगळ्या प्रकारच्या पालकांना जोडता येणं. कॉमेंट कधी पोस्टवर, कधी फोटोवर. एका आयडी कॉलमची फॉरेन की दोन टेबलांकडे कशी दाखवणार? तीन, सॉफ्ट डिलीट, म्हणजे रेकॉर्ड न पुसता पुसल्याची नुसती खूण करणं. ऑर्डरवर डिलीटेड-ॲटची तारीख पडते, रो तिथेच राहतो, कन्स्ट्रेंट खूश. मग हा कन्स्ट्रेंट नावाचा रखवालदार कशाची राखण करतोय?

बोलकं_स्कीमा
कन्स्ट्रेंट आणि कॅस्केड (पालक पुसला की मुलंही पुसणं) यांची गल्लत होतेय असं वाटतं. जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क) 2.0 पासून ऑन-डिलीट (पालक पुसला तर मुलांचं काय करायचं ते) द्यावंच लागतं, पण तिथलं कॅस्केड जँगो स्वतः पायथनमधून करतं. टेबलवर साधीच फॉरेन की असते. थेट कन्सोलमधून पालक डिलीट करून पाहा, मुलं आपोआप जाणार नाहीत, एररच येईल. पोस्टग्रेसवर ही की डिफर्ड (तपासणी शेवटी होणारी) असल्यामुळे ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटात) असाल तर डिलीट बिनबोभाट होतं आणि एरर येते कमिटला, म्हणजे बदल पक्के करताना. मग चूक शोधताना भलतीकडेच खणत बसायचं.

उलट डेटाबेसचं कॅस्केड लावलं तर कॉलबॅक (डिलीटबरोबर चालणारा ॲपचा कोड) चालत नाहीत. रो गेले, पण अपलोड केलेल्या फाइली स्टोरेजमध्ये तशाच पडून. म्हणून माझा कल असा: कन्स्ट्रेंट डेटाबेसमध्ये, रिस्ट्रिक्ट (मुलं असतील तर पालक पुसू न देणं) ठेवून, काय कसं पुसायचं ते कोडमध्ये.

उलटतपासणी
कोडमध्ये म्हणजे रेल्सचं डिपेंडंट डिस्ट्रॉय ना? ते प्रत्येक मूल मेमरीत आणतं, कॉलबॅक चालवतं आणि एकेक डिलीट पाठवतं. एका ऑर्डरखाली 50,000 लॉग असतील तर 50,000 डिलीट, तेही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

बोलकं_स्कीमा
लॉगला कॉलबॅक हवेतच कशाला? तिथे डिलीट-ऑल (कॉलबॅकविना एकदम पुसणं) किंवा डेटाबेसचं कॅस्केड खुशाल लावा. सगळ्या नात्यांना एकच नियम लावायचा अट्टहास कुणी केलाय?

सावकाश_क्वेरी
इंडेक्सबद्दल, म्हणजे रो पटकन शोधून देणाऱ्या सूचीबद्दल, कुणीच बोललं नाही. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स करत नाही, मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचं स्टोरेज इंजिन) करतं. जँगो, तसंच रेल्सच्या मायग्रेशनमधलं रेफरन्सेस, इंडेक्स घालतात. लाराव्हेलचं कन्स्ट्रेन्ड पोस्टग्रेसवर घालत नाही. मग एक पालक उडवताना अख्खं मुलांचं टेबल वाचलं जातं आणि खापर फुटतं कन्स्ट्रेंटवर.

रकानाबहाद्दर
@उलटतपासणी, पॉलिमॉर्फिकला तोड आहे. पोस्ट-आयडी आणि फोटो-आयडी असे नल (रिकामे) चालणारे दोन कॉलम, दोन्हींवर खऱ्या फॉरेन की आणि दोनांपैकी नेमका एकच भरलेला असावा असा चेक कन्स्ट्रेंट. प्रकार चार-पाचांच्या वर गेले की हे अवजड होतं, ते मान्य. सॉफ्ट डिलीटचा मुद्दाही अर्धा मान्य; पण जुने रेकॉर्ड कायमचे पुसायची वेळ येते तेव्हा रिस्ट्रिक्टच आडवं येतं, आणि ते यावंच.

लॉकचं म्हणाल तर आधी कन्स्ट्रेंट नॉट व्हॅलिड म्हणून लावा. लॉक क्षणभराचा, जुन्या रेकॉर्डना हात लागत नाही, नवे मात्र लगेच तपासले जातात. मग लेफ्ट जॉइन करून (आयटमशेजारी त्याचा पालक लावून) पालक नल येणारे आयटम शोधा, निस्तरा. शेवटी वेगळ्या मायग्रेशनमध्ये व्हॅलिडेट, म्हणजे जुन्या रेकॉर्डची तपासणी. तेव्हा रायटिंग थांबत नाही. बरेच जण आधी साफसफाई करतात आणि कन्स्ट्रेंट नंतर लावतात, तोवर नवे अनाथ येऊन बसलेले असतात आणि मायग्रेशन आपटतं.