पियानो विकायचा कसा? अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं पेटी-तबल्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गेल्या दिवाळीत हौसेनं दोन वापरलेले जपानी अपराइट (म्हणजे उभ्या ठेवणीचे) पियानो आणले. एक गेला, दुसरा अजून दारातच उभा आहे.

गिऱ्हाईक येतं, पोरगं दोन पट्ट्या दाबतं, आवाज ऐकून आईचे डोळे मोठे होतात. मग बाबा विचारतात, "यात तबल्याचे ठेके येतात का?" आणि कीबोर्ड घेऊन जातात! चूक त्यांची नाही म्हणा. दोनशे किलोंच्या वर वजन, तिसऱ्या मजल्यावर चढवायचा कसा, हा प्रश्न रास्तच आहे. शिवाय आत दोनशेच्या वर तारा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर हलतो, पट्ट्या अडकतात. वर्षातून दोनदा ट्युनिंग लागतं हे मी आधीच सांगून टाकतो; बायको म्हणते, म्हणूनच खपत नाही.

आता विचारायचं असं: महिन्याच्या भाड्यानं देऊन, नंतर तेच पैसे किमतीत वळते करायची पद्धत कुणी चालवली आहे का? डिपॉझिट किती घ्यावं? ट्रिनिटीच्या (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या) संगीताच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या शिक्षकांना दुकानात रियाजासाठी पियानो मोकळा ठेवला तर उपयोग होईल का? शिक्षकांना कमिशन देणं मला पटत नाही, पण सगळे देतात म्हणे.

आणि रील्स करणाऱ्यांनो, पियानोचा आवाज मोबाईलवर नीट येण्यासाठी माईक कुठे ठेवता? माझ्या व्हिडिओत तो डबा वाजवल्यासारखा येतो.