नुसत्या गोष्टी सांगून भाषा येत असेल तर मी घरी बसतो

कानामात्रा:
कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय, 'व्याकरण माळ्यावर टाका, गोष्टी सांगा, भाषा आपोआप येते.' बारा वर्षं मोठ्या माणसांना मराठी शिकवतोय, म्हणून राहवलं नाही. गोष्ट भूतकाळात असते आणि तिथेच आपल्या भाषेचा खड्डा आहे. 'राजा तलवार उचलतो' इथवर सगळे खूश. 'राजाने तलवार उचलली' म्हटलं की हात वर: राजा पुरुष, मग 'उचलली' का? आता गोष्ट पुढे नेऊ की कर्मणी प्रयोग सांगू?

रिकामा घडा:
तो एक म्हणजे मी. 'आपोआप' तुम्ही घुसडलंत. समजेल असं भरपूर ऐकलं की भाषा मुरते, हे भाषातज्ज्ञ क्रॅशनने १९८२ मध्येच लिहून ठेवलंय. आणि स्पॅनिश शिकवणाऱ्या ब्लेन रेची पद्धत नुसत्या कथाकथनाची नाही, गोष्ट सांगता सांगता प्रश्न विचारत राहायचं. तलवार कुणी उचलली? राणीने? राजाने तलवार उचलली की भाला उचलला? वीसदा कानावर पडू द्या, मी म्हणलं ना, प्रयोगाचं नाव लागत नाही.

विसर्ग:
'म्हणलं' नाही, 'म्हटलं'. भाषा शिकवायला निघाले!
बाकी, भूतकाळ नडतो तर वर्तमानात सांगा की.

कानामात्रा:
'एक असतो राजा'?? कानाला कसं लागतं ते!

विसर्ग:
सिनेमाची स्टोरी कशी सांगता? 'मग तो येतो, दार उघडतो...' तेव्हा कान दुखत नाहीत?

कानामात्रा:
विषय भरकटवू नका. 'तो धडा शिकला', 'ती नाव विसरली', इथे 'ने' कुठे गेला? हे गोष्टीतून कळणार? कॅनडात शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेली इंग्रजी घरची मुलं ऐकून सगळं समजायची, बोलताना व्याकरणात लंगडायची. भाषा-संशोधक स्वेनने १९८५ मध्ये हेच मांडलं.

रिकामा घडा:
तुम्ही स्वतः 'शिकला' व्याकरणाच्या तक्त्यातून शिकलात का हो?

कानामात्रा:
मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. माझे विद्यार्थी चाळिशीचे आहेत!

उंबरठा:
मी लग्नानंतर मराठी शिकले. आधी सहा महिने क्लास. प्रयोग पाठ, तोंड बंद. मग सासूबाई नातवाला गोष्ट सांगायच्या तेव्हा शेजारी बसायला लागले. तीच गोष्ट, रोज. बोलायला लागले ती तिथे. आजही घाईत 'मी पत्र लिहिली' म्हणते आणि नातू... म्हणजे माझा मुलगा, फिदीफिदी हसतो.

कानामात्रा:
बघा, 'लिहिली'!

रिकामा घडा:
बघा, बोलतायत!

कानामात्रा:
बरं बाबा. उद्या राजाला वीसदा तलवार उचलायला लावतो. एकविसाव्यांदा फळ्यावर तक्ता येणार, तेव्हा कुणी मधे बोलायचं नाही.

रिकामा घडा:
काढा. छोटा काढा.

विसर्ग:
'एक असतो राजा'चं काय ठरलं मग?