माळावरच्या सुट्टीचा शेवटचा दिवस कुठे घालवावा? (पाटोदा-बालाघाट)

एसटीची_खिडकी

राम राम मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही काही शाळूसोबती पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर एका मित्राच्या शेतातल्या घरी जमतोय. कोणी पुण्याहून, कोणी लातूरहून, एकजण नांदेडहून. आजूबाजूला सगळं माळरान, लांबवर पवनचक्क्या. आधीच्या दिवसांचं काही विचारायचं नाहीये, ते गप्पा आणि झोपेत बरोबर जातात.

प्रश्न शेवटच्या दिवसाचा आहे. तो आमचा कायम वाया जातो. चार्जर शोधा, बॅगा भरा, "निघू या, निघू या" म्हणत तिसरा चहा प्या, आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली. यंदा काहीतरी नीट करायचं ठरवलंय, पण गटात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, सौताडा, कपिलधार, कुंथलगिरी एका दमात उरकून तिथूनच पांगायचं. बाकीचे म्हणतात, जागचं हलायचं नाही. एका मैत्रिणीचा गुडघा दुखतो. पुणेकरांना दुसऱ्या दिवशी ऑफिस आहे. मित्राची आई, म्हणजे आमच्या काकू, सगळ्यांचं रांधणार आहेत, त्यांच्यासाठी काय न्यावं तेही सुचवा. हुरडा मिळेल का?

पाणंदवाट

एवढ्या लांब जाऊन घरात बसायचं असेल तर पुण्यातच बसा की! सकाळी सातला निघायचं. पाटोद्याहून जामखेड रस्त्याला सौताडा: विंचरणा नदी दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. मग मागे फिरून मांजरसुंबा, तिथून कपिलधार, लिंगायत संत मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. वाटेत नायगाव मयूर अभयारण्य आहेच, १९९४ साली जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. दुपारी सोलापूर-धुळे महामार्ग धरून जैनांचं तीर्थक्षेत्र कुंथलगिरी. दर्शन, खवा, पेढे, आणि टाटा. संध्याकाळपर्यंत सगळं आरामात होतं.

काळी_माती

आरामात?? पाणंदवाट भाऊ, गाडी चालवायलेत का विमान? सौताडा एका टोकाला, कुंथलगिरी दुसऱ्या. दिवसभर काचेतून बाभळीच बघत बसतील बिचारे.

भोवत्या

मी पक्ष्यांसाठी या पट्ट्यात हिंडतो, तेव्हा पक्षपात गृहीत धरा.

पाणंदवाट यांनी सांगितलेली ठिकाणं चांगली आहेत, महिना चुकतोय. सौताड्याचा धबधबा बघावा तो पाऊस सरता सरता. डिसेंबरअखेर तिथे पाण्याची बारीक धार उरते, आणि देवळाशी जायला दरीत उतरावं लागतं, म्हणजे गुडघेवाल्या बाई वरच बसणार. मोरांचंही तसंच. पावसाळ्यानंतर मोर पिसारा झाडतो, डिसेंबरात नवा जेमतेम फुटत असतो. मोर दिसतील, पण पोरांच्या चित्रातला मोर दिसणार नाही.

याउलट या महिन्यात जे खरंच भरात असतं ते तुमच्या मित्राच्या अंगणापासून सुरू होतंय. पाऊस सहा-सातशे मिलिमीटरचा, माती वीतभर, खाली मुरूम आणि काळा दगड. अशा जमिनीत झाड खुरटतं आणि गवत फोफावतं. पवन्या, मारवेल, कुसळी, सगळं पिकून सोनेरी झालेलं असतं. सरकारी कागदावर याला पडीक म्हणतात आणि मग कोणीतरी येऊन ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावून जातो. असो, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

शेवटच्या दिवशी उजाडायच्या आत उठा. सूर्य सातच्या आसपास उगवतो, तुम्ही साडेसहाला माळावर हवेत. फार चालू नका. एखादा उंचवटा बघून बसा, गुडघ्यासाठी एक घडीची खुर्ची न्या. ऊन पडलं की आधी चंडोल बोलायला लागतात. डोंबारी नावाचा छोटा पक्षी हवेत वर चढून सरळ खाली झेपावतो आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा उचलतो. त्याला हे नाव कोणी दिलं असेल त्याने खेळ नीट बघितला होता. भुंड्या, मुरमाड जागी धाविक पळताना दिसेल: चार पावलं पळतो, थबकतो, वाकतो, पुन्हा पळतो. नऊच्या सुमाराला पखुर्ड्यांचे थवे पाण्याकडे जातात, त्यांचा आवाज आधी येतो आणि पक्षी नंतर दिसतात. काळवीट, चिंकारा नशिबात असेल तर. लांडगा दिसला तर मला इथे येऊन सांगा, मी जळेन.

आणि भोवत्या. हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरते आपल्याकडे येतात, गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे टिपतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर, घोळक्याने मुक्काम करतात. ते संध्याकाळी उतरताना बघायचे असतात. तुम्ही शेवटच्या दिवशी दुपारी निघणार, म्हणून हे आदल्या संध्याकाळी उरका. सूर्यास्त सहाच्या सुमाराला असतो, पाच वाजता जाऊन बसा. ते उतरतात तिथे चालत जाऊ नका, टॉर्च मारू नका, ड्रोनचं तर नावच काढू नका.

पाणंदवाट

@भोवत्या, पक्ष्यांचं ठीक आहे हो, पण सगळ्यांना थोडीच त्यात गोडी असते? यांच्यातले निम्मे नऊपर्यंत पांघरुणात असतील.

भोवत्या

असू देत की. एका उंचवट्यावर बसायला सगळे लागत नाहीत.

काळी_माती

मी त्याच पट्ट्यातला. कामाच्या चार गोष्टी सांगतो.

हुरडा मिळंल, पण शब्द घेऊन ठिवा. आमच्याकडं पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरातली, त्यामुळं डिसेंबरअखेर एखाद्या शेतातलं कणीस दुधावर आलेलं असतंय, एखाद्यातलं न्हाई. खरा मोसम जानेवारीचा. मित्राला म्हणा, पुढं पेरलेला तुकडा बघून ठिव. गुळभेंडी नाहीतर सुरती, म्हंजी खास हुरड्याची ज्वारी, असली तर नशीबच. सोबत लसणाची नाहीतर जवसाची चटणी, दही, गूळ, बोरं. सीताफळ मागू नका, आमच्या बीडच्या सीताफळाला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय खरं, पण ते दिवाळीच्या मागंपुढं संपतंय.

हुरडा भाजायची आगटी नांगरलेल्या रानातच करा, माळाच्या कडंला अजिबात नको. गवत वाळून कोळ झालेलं असतंय, एक ठिणगी उडाली की वारं ती पार डोंगराच्या अंगाला नेतंय. गोवऱ्यांचा विस्तव वरून विझला तरी आतून धुमसत राहतोय, म्हणून उठताना बादलीभर पाणी ओता आणि काठीनं उकरून बघा. सिगरेटवाल्यांना गाडीजवळच थांबवा. त्या गवतावर वर्षभराची वैरण असती लोकांची. दिवाळीनंतर कापून, पेंढ्या बांधून गंजी लावलेल्या असत्यात, त्याच्यावर लेकरं चढवून फोटो काढू नका. पाखरं बी भुईवरच घरटी करत्यात तिथं.

मेंढरांचा वाडा दिसला तर लांबून राम राम घाला. कुत्री बांधलेली नसत्यात आणि ती पाळीव दिसली तरी लाडाची नसत्यात. शेतात मेंढरं बसवल्याली असली तर धनगरदादाशी बोला, लांडग्याची बातमी त्याच्याइतकी ताजी कुणाकडंच नसती.

आणि अजून एक. या दिवसांत वस्त्या निम्म्या रिकाम्या असत्यात, माणसं ऊसतोडीला गेलेली. घरात म्हातारीकोतारी आणि शाळेतली लेकरं. बंद घरांसमोर "काय मस्त शांतता" म्हणून रील करायले बरेच जण, तेवढं करू नका.

एसटीची_खिडकी

काळी_माती, हे शेवटचं बरं झालं सांगितलंत. आमच्यात एकजण रीलवाला आहेच.

काकूंचं कोणी सांगेल का?

लातूरची_लेक

मी सांगते. साडी नेऊ नका, सगळे साडीच नेतात. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांना चुलीपुढे बसू देऊ नका, एवढं जमलं तरी पुष्कळ. नाष्टा तुम्ही करा. सुशीला करा, चुरमुरे भिजवायचे, पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, दहा मिनिटांत होतो आणि पुरुषांनाही येतो. काकू "नको, नको" म्हणून उठतीलच, तेव्हा एखादीने त्यांच्याशेजारी बसून त्यांना बोलतं ठेवायचं. हे काम सुशीला करण्यापेक्षा अवघड आहे.

दुपारच्या जेवणाला मात्र त्यांचं ऐका. येसराची आमटी, भाकरी, ठेचा आग्रहाने वाढतील, पोटभर जेवा, "डाएट" हा शब्द उच्चारू नका. रस्त्यासाठी धपाटे मागून घ्या. मागितलेलं त्यांना आवडतं, आणि धपाटे प्रवासात टिकतात.

निघताना वानोळा मिळणार हे धरून चला: शेंगा, तूर, ज्वारी, बोरं, जे असेल ते. पैसे काढायचे नाहीत. डिकीत जागा आणि चार कापडी पिशव्या आधीच ठेवा, नाहीतर ऐनवेळी काकू घरातल्या चांगल्या पिशव्या देतात. तुम्ही नेलेला खाऊ ज्या डब्यात असेल तो डबा तिथेच राहू द्या. त्यांचा डबा आलाच तर पुढच्या वेळी रिकामा परत करू नका.

वेळ अमावस्या त्या दिवसांच्या मागेपुढे येते का, पंचांगात बघा. आमच्या लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि सगळे शेतात, कडब्याच्या कोपीपुढे भज्जी, आंबिल, उंडे. लातूरवाल्यांना तो दिवस आला तर ते तुमच्याकडे थांबणार नाहीत, कितीही मैत्री असो.

काळी_माती

आंबिल 👌 तोंडाला पाणी सुटलं

पाणंदवाट

बरं, माघार. पण अर्धीच. पुणेकर जामखेडवरूनच जाणार ना? सौताडा त्यांच्या वाटेवर आहे. वरच्या कडेला गाडी थांबवा, दरी बघा, निघा. पाणी नसलं तरी दरी कुठे जात नाही. लातूर-नांदेडवाले मांजरसुंब्याहून केज-अंबाजोगाईला वळणार, त्यांना कपिलधार जवळ पडतं. म्हणजे ठिकाणं ज्याच्या त्याच्या परतीच्या वाटेवर ठेवायची आणि सकाळ सगळ्यांनी मिळून माळावर काढायची. कुंथलगिरी मात्र कुणाच्याच वाटेत नाही, ते पुढच्या खेपेला. जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये तिथेच सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवला. असं ठिकाण पेढ्यांच्या घाईत उरकायचं नसतं, हे माझं मलाच आता पटतंय.

भूगोलाची आवड असेल तर त्या उंचवट्यावर बसल्या बसल्या एक गंमत. मांजरा याच तालुक्यात उगम पावते आणि पूर्वेला जाऊन गोदावरीला मिळते. विंचरणा सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. त्या पठारावर पडलेला पाऊस कुठे पडला त्यावर त्याचं गोदावरी की कृष्णा ठरतं.

भोवत्या

हे झकास. असं काही आधी सांगत जा ना.

एसटीची_खिडकी

ठरलं तर मग. आदल्या संध्याकाळी भोवत्ये, शेवटच्या सकाळी ज्याला उठायचं तो माळावर, नऊ-साडेनऊला सुशीला, मग हुरडा जमला तर शेतात, जेवण, आणि तिथूनच दोन वाटा. बॅगा आदल्या रात्री भरून गाडीत. हा नियम रीलवाल्याने स्वतःच मांडला, त्यामुळे मोडणार तोच. निघायची वेळ चार धरलीये.

रातराणी_ड्रायव्हर

चार उशीर होतो, पुणेकरांना तर फारच. डिसेंबर म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात. जामखेडच्या पुढे कर्जत, श्रीगोंदा हा सगळा कारखान्यांचा पट्टा. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी ट्रॉलीबाहेर आलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. जेवण बारालाच उरका, दीडला चाकं फिरली पाहिजेत. उजेडात श्रीगोंदा मागे टाकलं की निम्मी काळजी मिटली. लातूरकडच्यांनाही हेच लागू, केज-अंबाजोगाई बाजूलाही उसाची वाहतूक असते.

लातूरची_लेक

बाराला जेवायचं तर काकूंना आदल्या रात्रीच सांगा. पाहुणे निघणार म्हटल्यावर त्या पहाटे पाचलाच आमटी चढवतील, आणि मग तुमचा सुशीला कोण खाणार?

एसटीची_खिडकी

आत्ताच मित्राला फोन केला. तो म्हणतो, आईला सांगायचं काम तुमचं, मी त्यात पडत नाही. आणि पायात काय घालावं? मागे एकदा कुसळांनी मोजे टाकून द्यावे लागले होते.

काळी_माती

कापडी बूट, लोकरी मोजे दोन्ही नको. चामड्याचे नाहीतर रबरी बूट आणि गुळगुळीत कापडाची पँट, खालून दोरीनं बांधून. तरी कुसळ घुसलंच तर ओढू नका, आत मोडतंय. केसाच्या बारीक फणीनं काढा. आणि ती कुसळं घरी नेऊन बाल्कनीत झटकू नका, तिथंच झटका, पुढच्या साली उगवायचंय त्यांना.