बाऊल सीझनची घरगुती अंदाज-स्पर्धा: तुमच्याकडे कशी चालते? (अनुभव धागा)

कॉलेज फुटबॉलच्या बाऊल सामन्यांची यादी लागली की अमेरिकेतल्या मराठी घरांच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो तो एवढाच: "शीट कधी?" (शीट म्हणजे अंदाज भरायचा गूगल शीटचा तक्ता.) मुलं शिकली त्या युनिव्हर्सिटीची टीम, शेजाऱ्यांची टीम, आणि पुण्या-नाशिकहून हौसेने सामील होणारे आजी-आजोबा, अशी ही दर वर्षीची स्पर्धा. सामने महिनाभर चालतात. पण तो महिना सुखाने जायचा असेल तर शीट सांभाळणाऱ्याला आधीचा आठवडा त्यात घालावा लागतो.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: हे हेल्मेटवालं अमेरिकन फुटबॉल. हंगामात साधारण सहा सामने जिंकलेल्या टीमला वर्षाअखेरच्या बाऊलचं, म्हणजे एका खास सामन्याचं, आमंत्रण येतं. पहिला रोझ बाऊल १९०२ साली पॅसाडेनाला झाला. आज प्ले-ऑफ (राष्ट्रीय विजेता ठरवणारे बाद फेरीचे सामने) बाजूला ठेवले तरी तिसाहून जास्त बाऊल होतात. यादी डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी लागते आणि पहिला सामना लगेच पुढच्या शनिवारी असतो. २०२४ साली यादी ८ डिसेंबरला आली, पहिला बाऊल १४ ला. म्हणजे तयारीला मोजून सहा दिवस.

कोण जिंकलं ते नको. सामने किती घेता, गुण कसे देता, पिक्स (विजेत्याचे अंदाज) कधी बंद करता, काय बिघडतं आणि का, हे आकड्यांसकट लिहा.

कोलंबस, ओहायो

सगळ्यात जास्त रंगतो तो कॉन्फिडन्स पॉइंट्सचा प्रकार. ३० सामने निवडायचे. प्रत्येकाने प्रत्येक सामन्याचा विजेता सांगायचा आणि त्यावर १ ते ३० मधला एक आकडा ठेवायचा. पक्की खात्री असेल तिथे ३०, नुसता अंदाज असेल तिथे १. एक आकडा एकदाच. टीम जिंकली तर तेवढे गुण, हरली तर शून्य. सगळे बरोबर आले तर ४६५.

चूक हमखास इथेच होते. कोणी १७ दोनदा लिहितं आणि १८ विसरतं. म्हणून शीट चालवणारा बेरीज तपासतो, ४६५ आली की पुढे सरकतो. हे पुरेसं नाही. १४, १५, १६ ऐवजी कुणी तिन्ही ठिकाणी १५ लिहिलं तरी बेरीज तीच येते. बेरजेबरोबर "वेगवेगळे आकडे किती" हेही मोजायचं. गूगल शीटमध्ये त्यासाठी काउंट-युनिक आहे. उत्तर ३० आलं आणि बेरीज ४६५ आली, तरच ओळ हिरवी. तो रंग आपोआप बदलेल असं लावून ठेवा, म्हणजे भरणाऱ्यालाच आपली चूक दिसते आणि तुम्हाला रात्री अकराला फोन करावे लागत नाहीत.

भरलेली ओळ अशी दिसते: २८ डिसें., इंडिपेन्डन्स बाऊल, पिक आर्मी, आकडा २४, विजेता आर्मी, मिळाले २४ (आर्मी ही लष्करी अकादमीची टीम). विजेत्याचा रकाना एकच, सगळ्यांसाठी समाईक. तो फक्त शीटवाल्याने भरायचा आणि बाकीच्यांसाठी कुलूपबंद ठेवायचा. बेरजेला सम-प्रॉडक्ट वापरा: पिक आणि विजेता जुळले तिथला आकडा धरतो, बाकी सोडून देतो.

सिअ‍ॅटल

वरच्या सूत्राला एक जोड. टीमचं नाव कुणालाही हाताने टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. मायामी दोन आहेत: एक फ्लोरिडातलं, एक ओहायोतलं. साउथ कॅरोलायना आणि सदर्न कॅलिफोर्निया, दोघांची आद्याक्षरं एकच पडू शकतात. ओल मिस म्हणजेच मिसिसिपी, पण मिसिसिपी स्टेट वेगळं. शेवटी एक जादा स्पेस पडली तरी सूत्राला नाव जुळत नाही आणि बरोबर पिकला शून्य मिळतो. हे आठ-दहा सामने झाल्यावर लक्षात येतं, तोवर गुणतक्त्यावर वाद सुरू झालेला असतो.

पुणे

भारतातून खेळणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. पहिली गोष्ट वेळ. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतो. तिकडे दुपारी १२ म्हणजे इथे रात्रीचे साडेदहा. तिकडे दुपारी साडेतीन म्हणजे इथे मध्यरात्रीनंतरचे दोन. तिकडे रात्री ९ म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. "शनिवारी नऊपर्यंत भरा" एवढंच लिहिलंत तर इथली मंडळी साडेदहा तास चुकतात. डेडलाइन दोन्ही वेळांत, वारासकट लिहा. गूगल शीटच्या सेटिंगमध्ये टाइम-झोन असतो, तो पूर्व किनाऱ्याचा ठेवा, नाहीतर फॉर्मच्या नोंदीवर भलतीच वेळ पडते.

दुसरं, तारीख आकड्यांत लिहू नका. तिकडचं १/२ म्हणजे २ जानेवारी, इथे ती १ फेब्रुवारी. "गुरु. २ जाने." असं लिहिलं की प्रश्नच मिटतो.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आत्या, मावशी, आजोबांना टीम माहीत नसतात. त्यांच्यासाठी शीटला चार रकाने जोडा: टीमचं राज्य, हंगामातली हार-जीत (जसं ९-३), जाणकारांच्या मते कोण वरचढ आणि किती गुणांनी, आणि मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) खेळणार की नाही. एवढ्यावर माणूस विचार करून पिक देतो. नुसती टोपणनावं देऊ नका. टायगर्स म्हणवणारी एलएसयू (लुइझियाना स्टेट), ऑबर्न, क्लेमसन, मिसुरी आणि मेम्फिस अशी पाच तरी आहेत.

डॅलस

सामना रद्द झाला तर काय, हे पहिल्या किक-ऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) आधी लिहून ठेवलं नाही तर पुढे कितीही समजूत घातली तरी कुणाला तरी अन्याय वाटतोच. आणि हे घडतं. २६ डिसेंबर २०१८ ला इथल्या फर्स्ट रिस्पॉन्डर बाऊलमध्ये बॉस्टन कॉलेज ७-० ने पुढे होतं, विजा कडाडायला लागल्या, खेळ थांबला तो थांबलाच. निकाल नाही. २०२१ साली कोविडमुळे हवाई, मिलिटरी, फेनवे आणि अ‍ॅरिझोना बाऊल रद्द झाले. हॉलिडे बाऊल तर सामन्याच्याच दिवशी, काही तास आधी.

नियम असा ठेवा: रद्द किंवा अनिर्णित सामन्यावरचा आकडा सगळ्यांचा बाद. तो दुसऱ्या सामन्यावर हलवायचा नाही. ज्याने तिथे २८ ठेवला त्याचं नुकसान जास्त हे खरं, पण आकडे हलवायची मुभा दिली की तोवर झालेल्या निकालांचा फायदा घेता येतो, आणि ते जास्त वाईट.

टीम बदलली तर मात्र वेगळा विचार. २०२१ मध्ये टेक्सस ए अँड एमने माघार घेतली आणि गेटर बाऊलमध्ये वेक फॉरेस्टसमोर रट्गर्स आलं. २०२४ मध्ये मार्शलने इंडिपेन्डन्स बाऊल सोडला, आर्मीसमोर लुइझियाना टेक आलं. अशा वेळी फक्त तो एक सामना पुन्हा उघडायचा, टीम बदलू द्यायची, आकडा तोच ठेवायचा. मुदत किक-ऑफच्या एक तास आधीपर्यंत. जो काही कळवणार नाही त्याचा जुना पिक कायम, आणि माघार घेतलेल्या टीमवर असेल तर शून्य. हे शेवटचं वाक्य लिहायला विसरू नका.

तारीख पुढे गेली तर पिक तसाच राहतो. १ जानेवारी २०२५ चा शुगर बाऊल न्यू ऑर्लिन्समधल्या हल्ल्यामुळे दुसऱ्या दिवशी झाला, तेव्हा या एका ओळीने काम भागलं असतं.

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना

पिक्स एकदाच बंद करायचे की सामन्यागणिक? माझं स्पष्ट मत सामन्यागणिक. २०१६ साली लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) तयारीसाठी आपापला बाऊल सोडला, तेव्हापासून हे वाढतच गेलंय. त्यात ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंची कॉलेज बदलायची सोय) आणि कोचची अदलाबदल. यादी लागते त्या दिवशीची टीम आणि मैदानात उतरते ती टीम, यांत अर्ध्या खेळाडूंचा फरक असू शकतो. २०२३ ची फ्लोरिडा स्टेट एकही सामना न हरता ऑरेंज बाऊलला गेली, पण बरेच खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३-३ ने हरवलं. पहिल्याच दिवशी पिक्स बंद केले तर जाणकारी वाया जाते.

अडचण कॉन्फिडन्स आकड्यांची. सामन्यागणिक बंद करायचं तर नियम असा लागतो: सामना सुरू झाला की त्यावरचा आकडा गोठला, उरलेले आकडे उरलेल्या सामन्यांतच फिरवायचे. हाताने हे सांभाळणं कठीण, कुणीतरी चुकून गोठलेला आकडा परत वापरतंच. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या बाऊल मॅनियासारख्या ऑनलाइन खेळात हे आपोआप होतं, पण तिथे प्रत्येकाला खातं काढावं लागतं आणि आजी-आजोबा तिथेच गळतात.

कोलंबस, ओहायो

शार्लटचं म्हणणं पटतं, पण २० च्या वर माणसं असतील आणि शीट हाताने चालत असेल तर एकच डेडलाइन बरी. मधला मार्ग काढता येतो: दोन टप्पे. नाताळपर्यंतचे सामने पहिल्या यादीत, १ ते १२ आकडे, कमाल ७८ गुण. नाताळानंतरचे दुसऱ्या यादीत, १ ते १८, कमाल १७१. दुसरी यादी २५ तारखेला रात्री बंद. तोवर कोण खेळणार नाही याच्या बातम्या बहुतेक आलेल्या असतात.

अटलांटा

प्ले-ऑफ बाऊलच्या यादीत मिसळू नका. २०२४ पासून १२ टीम आहेत, ११ सामने: पहिल्या फेरीत चार, मग चार, दोन आणि अंतिम. सगळा तक्ता आधीच भरायला लावला तर पहिल्या दोन फेऱ्यांत निम्म्या लोकांचा विजेताच बाहेर पडतो आणि त्यांचा जानेवारी कोरडा जातो. पहिल्याच वर्षी बाय (पहिली फेरी न खेळता थेट पुढची) मिळालेल्या ऑरेगॉन, जॉर्जिया, बॉयझी स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट, चारही टीम उपउपांत्य फेरीत हरल्या. म्हणून फेरीगणिक पिक्स घ्या.

गुण: पहिली फेरी प्रत्येकी ५, उपउपांत्य १०, उपांत्य २०, अंतिम ३०. एकूण १३०. बाऊलचे ४६५ धरले तर ५९५ पैकी साधारण २२ टक्के. मागे पडलेल्याला आशा राहते, पण महिनाभराची मेहनत एका सामन्याने पुसली जात नाही. अंतिम सामन्याला १०० गुण देणाऱ्या स्पर्धा असतात, त्यात बाऊल बघण्याला काही अर्थ उरत नाही.

पिक देणाऱ्यांना एवढं सांगून ठेवा: पहिली फेरी तटस्थ मैदानावर होत नाही, वरच्या टीमच्या कॅम्पसवर होते. २०२४ मध्ये नोटर डेम, पेन स्टेट, टेक्सस आणि ओहायो स्टेट हे चारही यजमान जिंकले.

न्यू जर्सी

टाय-ब्रेकर (गुण सारखे झाले तर विजेता ठरवायचा निकष) आणि पैसे, दोन्ही थोडक्यात.

अंतिम सामन्यात दोन्ही टीमचे मिळून किती गुण, हा अंदाज पहिल्याच दिवशी घ्या. जानेवारी २०२२ पासून चार वर्षांचे आकडे ५१, ७२, ४७, ५७. जॉर्जियाने टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीला) ६५-७ ने हरवलं ते ७२ वालं वर्ष. जवळचा आकडा जिंकतो असं म्हटलं तरी ५७ ला ५५ आणि ५९ सारखेच जवळ. तेव्हा दुसरा टाय-ब्रेकर हवाच: हरलेल्या टीमचे गुण. तिसरा, एकूण बरोबर पिक्स.

वर्गणी घेणार असाल तर एक बघा. एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) नियमांनुसार कॉलेजचे खेळाडू आणि अ‍ॅथलेटिक्स विभागात काम करणारे यांना कॉलेज सामन्यांवर वर्गणी-बक्षीस असलेल्या स्पर्धेत भाग घेता येत नाही. भाची त्या विभागात डेटाचं काम करत असेल किंवा भाचा टीमचा स्टुडंट मॅनेजर असेल तर तेही त्यात येतात. मुलाचं नुकसान होऊ शकतं. घरगुती स्पर्धेला फिरती ढाल आणि विजेत्याच्या आवडीचं जेवण पुरतं.

शिकागो

आमच्याकडे पूर्ण हंगाम चालतो, ऑगस्टअखेरपासून दर आठवड्याला दहा सामने. इथे कॉन्फिडन्स नको, स्प्रेड घ्या: वरचढ टीम ठरलेल्या फरकापेक्षा जास्त गुणांनी जिंकेल का, ते विचारायचं. नुसता विजेता विचारला तर ओहायो स्टेट आणि अलाबामावर सगळ्यांचे पिक्स सारखेच येतात आणि तक्ता हलतच नाही. रेषा, म्हणजे तो फरक, नेहमी अर्ध्या गुणाची ठेवा, साडेसहा किंवा साडेसात. सात ठेवलीत आणि टीम बरोबर सातने जिंकली तर सामना कुणाचाच नाही. रेषा आठवडाभर सरकत असते, म्हणून बुधवारी संध्याकाळी एकाच ठिकाणची घेऊन गोठवा आणि शीटवर वेळ लिहा.

नोव्हेंबरमध्ये मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या टीमच्या गटाचे सामने मंगळवारी-बुधवारी असतात. ते यादीत घेतले तर शनिवारची डेडलाइन कोलमडते, सोडून द्या. सगळ्यात वाईट दोन आठवडे वगळून बेरीज करा. लग्न, प्रवास, भारतवारी यात एखादा आठवडा हुकतोच, आणि शून्याचा डाग घेऊन कुणी डिसेंबरपर्यंत टिकत नाही. थँक्सगिव्हिंगनंतरचा मिशिगन-ओहायो स्टेट मात्र कधीही वगळायचा नाही.

कोलंबस, ओहायो

तक्ता रोज टाका आणि त्यात "अजून जास्तीत जास्त किती" हा रकाना ठेवा. ४६५ मधून गमावलेले आणि बाद झालेले गुण वजा केले की तो येतो. एखाद्याचे २४० झालेत आणि १३० गेलेत, तर त्याची मजल ३३५ पर्यंत. पहिल्याचे आत्ता ३१० असतील तर हा माणूस अजून शर्यतीत आहे, हे त्यालाच तोवर ठाऊक नसतं. हा रकाना दिसला की मंडळी २८ डिसेंबरचे आडगावचे सामनेही लावून बसतात.

डेडलाइन झाली की शीटची पीडीएफ काढून पहिल्या किक-ऑफआधी ग्रुपवर टाका, प्रत्येकाचे सगळे पिक्स दिसतील अशी. पुढे काहीही शंका आली तर तीच प्रत धरायची.